घरात न मावणारे विषय

दहावीचा निकाल लागला की शास्त्र, वाणिज्य की कला हा प्रश्न आपल्याकडे घराघरांत उभा राहतो आणि बहुतेक वेळा तो टक्केवारीच सोडवून टाकते. नव्वदच्या पुढे गेले तर शास्त्र, थोडे खाली राहिले तर वाणिज्य आणि कुठेच जमले नाही तर कला, अशी आपली साधीसोपी उतरंड आहे. मुलाला काय हवे याला तिच्यात फारशी जागा नसते, पण निर्णय मात्र झटपट होतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यात अलीकडे काही घरे अशी दिसू लागली आहेत, की जिथे हा झटपट निर्णय करता येत नाही. या घरांतले मूल शाळेत जात नाही. काही मुलांनी शाळेचा उंबरठा कधी ओलांडलाच नाही, काही सहावी-सातवीनंतर थांबली, तर काहींची शाळा २०२० च्या टाळेबंदीत जी सुटली ती पुन्हा धरलीच गेली नाही. आई किंवा वडील, कधी दोघेही, घरी शिकवतात. या पद्धतीला इंग्रजीतून आलेले 'होमस्कूलिंग' हे नाव रूढ झाले आहे. आपण तिला घरशिक्षण म्हणू.

अशा घरांची संख्या मोठी नाही. मग रविवारच्या सकाळी इतरांनी त्यांच्याविषयी विचार का करावा? त्याला कारण आहे. बारावीच्या उंबरठ्यावर या घरांना जो प्रश्न पडतो, तो आपण बाकीच्यांनी केव्हाच गुंडाळून ठेवलेला आहे. गणित कोणते, भौतिकशास्त्र कोणाकडे, हे त्यांचे ठरलेले असते. खाणाखुणा, क्लास, पुस्तके, संगणकावरची व्याख्याने, सगळे हाताशी असते. अडते ते सामाजिक शास्त्रांपाशी. इतिहास घ्यावा की भूगोल, राज्यशास्त्र की समाजशास्त्र, अर्थशास्त्र झेपेल का, मानसशास्त्राची सध्या चलती आहे ते घेतले तर कसे? आणि या सगळ्याच्या तळाशी एक अधिक अवघड प्रश्न असतो. ज्या मुलाचा वर्ग म्हणजे स्वतःचे घर, त्याला समाज शिकवायचा कसा?

जुनी वाट, नवे प्रवासी

घरी शिकणे ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही. आपल्याच कल्याणच्या जोशी घराण्यातली यमुना, म्हणजे पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई, घरीच शिकल्या. टपाल खात्यात नोकरी करणारे गोपाळराव हेच त्यांचे पहिले आणि बराच काळ एकमेव शिक्षक. ते शिक्षण किती कडक होते हे आपण सगळे जाणतो. परंतु दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की अखेर आनंदीबाईंना घराबाहेरच्या संस्थेची पदवी लागलीच. त्यासाठी १८८३ मध्ये त्या समुद्र ओलांडून गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. दुसरी गोष्ट ही, की जाण्यापूर्वी मी अमेरिकेला का जाते हे त्यांनी श्रीरामपूर येथे, बंगालमध्ये, भर सभेत उभे राहून सांगितले. घरात शिकलेल्या मुलीला समाजापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागले. तिची खरी परीक्षा ती होती.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. आईवडिलांनीच त्यांना संस्कृत शिकवले. पण त्यांचे घर एका जागी नव्हते. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर पायी हिंडले. दुष्काळ, भूक, विधवांचे हाल, देवळांतला व्यवहार हे सर्व त्या मुलीने पुस्तकाबाहेर पाहिले. त्यांच्या पुढच्या कार्याचे मूळ या पायपिटीत आहे. डोंबिवलीच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या विसाव्या मजल्यावर मुलाला शिकवताना हा फरक विसरून चालणार नाही.

तिसरे उदाहरण पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातलेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी जे काम केले, त्यात गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा होती. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेने मुलाकडे जावे. घरशिक्षणाची बाजू घेणारे पालक आज जवळजवळ हेच म्हणतात. फरक इतकाच, की कुरणावरच्या मुलाला समाज वेगळा शिकवावा लागत नव्हता. तो समाजाच्या मध्यावर, आणि बहुधा त्याच्या तळाशी, उभाच होता.

कायदा आणि कागद

निवृत्त बँकवाल्याला आधी कागद दिसतात, म्हणून त्यांची गोष्ट आधी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्याचा संबंध सहा ते चौदा वर्षांच्या मुलांशी आहे. आपण बोलतो आहोत ते मूल सोळा-सतरा वर्षांचे. त्याच्या मागे हा कायदा लागणार नाही आणि त्याच्या पाठीशीही उभा राहणार नाही. म्हणजे स्वातंत्र्य पुरेपूर आहे. जबाबदारीही तितकीच, आणि ती सर्वस्वी घराची.

बारावीचे प्रमाणपत्र मात्र हवेच. त्याचा एक मार्ग म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. एनआयओएस या आद्याक्षरांनीच ती ओळखली जाते. १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू झाली आणि २००२ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. येथे उत्तीर्ण होण्यासाठी पाच विषय लागतात, त्यांत एक तरी भाषा हवी. वर दोन विषय जादा घेता येतात. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. वर्षातून दोनदा जाहीर परीक्षा होते. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. अभ्यासाच्या काळात स्वाध्याय लिहून द्यावे लागतात आणि त्यांना वीस टक्के वजन असते. मन लावून शिकणाऱ्या पण एका दमात सहा पेपर देण्याचे दडपण घेणाऱ्या मुलाला ही व्यवस्था सोयीची आहे.

दुसरा मार्ग आपल्या राज्य मंडळाचा. १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या बारावीला बसणे हा शब्दप्रयोग आपल्या पिढीला चांगला परिचयाचा आहे. गिरणीत, दुकानात नोकरी करून कितीजणांनी अशी बारावी केली, याची नोंद ठेवली असती तर तो आपल्या शहरांचा एक इतिहासच झाला असता. या मार्गाने जाणाऱ्याला एक कनिष्ठ महाविद्यालय संपर्कासाठी नेमून मिळते. कला शाखेचे विषय निवडताना ते महाविद्यालय कोणते विषय चालवते, अंतर्गत गुणांचे काम कसे होते, भूगोलासारख्या विषयातील प्रात्यक्षिकाचे काय, हे आधी विचारून घ्यावे लागते. शिवाय राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे.

यातला कोणताही मार्ग धरला तरी एक काम विसरू नये. पुढे ज्या महाविद्यालयात, ज्या अभ्यासक्रमाला जायचे त्याच्या कार्यालयात आजच जाऊन चौकशी करावी. दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून पात्रतेचा दाखला काढावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि ऐन प्रवेशाच्या दिवसांत धावाधाव होते. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशांसाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आहे. तिच्यात इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र हे सगळे विषय आहेत. तेव्हा बारावीला कोणता विषय घेतला याला आता पूर्वीपेक्षा अधिक अर्थ आला आहे. उदाहरण द्यायचे तर दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला जायचे असेल तर गणित लागते. अर्थशास्त्र घेऊन गणिताला रामराम ठोकणाऱ्या मुलाला हा दरवाजा बंद होतो, आणि बहुतेकांना ते दार बंद झाल्यावर कळते.

विषयांचा ताळेबंद

आता मूळ प्रश्न. विषय निवडताना घराघरांत जी कारणे ऐकू येतात ती साधारण तीन प्रकारची असतात. एक, अमुक विषय सोपा, गुण देणारा. दोन, पुढे लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यायची आहे म्हणून उपयोगी. तीन, मुलाला आवडतो. तिन्ही कारणांत तथ्य आहे. पण घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत चौथे कारण या तिन्हींच्या आधी यायला हवे. हा विषय त्याला घराबाहेर काढतो का?

याचे कारण उघड आहे. वर्गात साठ मुले असतात. त्यांतला एकजण रिक्षावाल्याचा, एक डॉक्टरचा, एक भिवंडीहून येणारा, एक आगरी, एक सिंधी, एक बिहारहून नुकताच आलेला. शिक्षक आरक्षणावर किंवा फाळणीवर बोलू लागले की या साठांपैकी कुणाचा तरी चेहरा बदलतो. ते पाहणे हाच समाजशास्त्राचा पहिला पाठ आहे आणि तो वाईटातल्या वाईट शाळेतही फुकट मिळतो. घरात तो मिळत नाही. घराची जात एक, वर्ग एक, बहुधा वर्तमानपत्रही एक आणि जेवणाच्या टेबलावरचे मतही एकच. गणितात आईचे मत नसते. शिवकालावर, फाळणीवर, आणीबाणीवर, मंडल आयोगावर ते असते, आणि पक्के असते. शिकवणारा आणि बाप एकच असला की मुलाला प्रश्न विचारणे म्हणजे बापाला उलटून बोलणे वाटू लागते. घरशिक्षणाची खरी कमजोर बाजू ही आहे. मुलाला मित्र कोण, असे शेजारी विचारतात, तो प्रश्न त्यामानाने सोपा. त्याला विरोधक कोण, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

या नजरेने एकेक विषय पाहू.

इतिहास हा सर्वांना आपला वाटणारा विषय आणि म्हणूनच घरी शिकवायला सर्वांत निसरडा. गोष्ट सांगणे आणि इतिहास शिकवणे यांत अंतर आहे. राज्य मंडळाचे बारावीचे २०२० पासूनचे पुस्तक युरोपातील प्रबोधनापासून वसाहतवाद, मराठे, सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा असे करत शीतयुद्धापर्यंत येते. म्हणजे आपल्या गल्लीतून जगाकडे पाहण्याची सोय त्यात आहे. मात्र एक पथ्य पाळावे. प्रत्येक मोठ्या घटनेसाठी एकमेकांशी न पटणारे निदान दोन लेखक वाचायला द्यावेत आणि आपले मत शेवटी सांगावे. न सांगितले तर आणखी उत्तम.

राज्यशास्त्र कोरडे समजले जाते. घरी शिकणाऱ्यांसाठी मला ते सर्वांत गरजेचे वाटते. राज्यसंस्था, हक्क, समता, न्याय, प्रतिनिधित्व, न्यायसंस्था या संकल्पना अकरावीत येतात. हे शब्द आपण रोज वापरतो आणि क्वचितच तपासतो. बारावीचा विद्यार्थी वर्षभरात मतदार होणार असतो, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

अर्थशास्त्राबद्दल बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाने पक्षपात करणे साहजिक आहे, तरी तो टाळून सांगतो. बारावीच्या अर्थशास्त्रात मागणी-पुरवठा, लवचीकता, बाजाराचे प्रकार, निर्देशांक, राष्ट्रीय उत्पन्न, सार्वजनिक वित्त, नाणेबाजार असा ऐवज असतो. तो घरी, पुस्तकावरून, चांगला शिकता येतो. पण कर्जाच्या अर्जांवर वर्षानुवर्षे सह्या केल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. पुस्तकातल्या मागणीला पत्ता नसतो. अर्जदाराला असतो. तो चाळीत राहतो की झोपडपट्टीत, जामीन राहणारा त्याचा कोण लागतो, बायकोच्या नावावर काही आहे का, यांवर त्याची पत ठरते. अर्थशास्त्राबरोबर समाजशास्त्र घेतले तर मागणीच्या आलेखामागचा हा माणूस दिसू लागतो.

समाजशास्त्राला आपल्याकडे उगाचच कमी लेखतात. 'सोपा विषय' म्हणून त्याची बोळवण होते. भारतीय समाजातील विविधता, सामाजिक बदल, चळवळी, सामाजिक समस्या ही त्याची प्रकरणे पाठ करायला सोपी आहेत हे खरे. पण पाठ न करता शिकायचे ठरवले तर यापेक्षा अवघड विषय नाही, कारण त्यात आपण स्वतःच अभ्यासाचा नमुना असतो. जात हे प्रकरण शिकताना आपल्या सोसायटीच्या सभासदांची यादी समोर ठेवावी लागते.

मानसशास्त्राची आवड या वयात स्वाभाविक आहे आणि त्यात पुढे कामही भरपूर आहे. तरी एकट्या मुलाने, घरात बसून, केवळ मानसशास्त्र हाच सामाजिक विषय घेतला, तर तो आधीच आत वळलेल्या नजरेला आणखी आत वळवतो, असे मला वाटते. तो जरूर घ्यावा, सोबत बाहेर पाहणारा एक तरी विषय घेऊन. भूगोलाचे उलटे आहे. तो अत्यंत बाहेरचा विषय आहे आणि पालक त्याला नकाशापुरता समजतात.

तेव्हा ताळेबंद मांडायचा तर असा. एक भाषा. राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र हा कणा. इतिहास, भूगोल, समाजशास्त्र यांतला एक, मुलाच्या ओढीप्रमाणे. पाचवा विषय सर्वस्वी त्याच्या आवडीचा, मग तो चित्रकला असो, मानसशास्त्र असो की गणित. मुक्त विद्यालयात सहावा विषय जादा घेता येतो, तो विमा म्हणून घ्यावा. राज्य मंडळातून बसणाऱ्याला भाषा आणि सक्तीचे विषय धरून आखणी करावी लागेल, पण कणा तोच ठेवता येतो.

प्रयोगशाळा रेल्वेच्या अंतरावर

रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते हे सर्वांना मान्य आहे. सामाजिक शास्त्रांनाही ती लागते. ठाणे ते कल्याण या पट्ट्यात ती फुकट उपलब्ध आहे, लोकलचे तिकीट काढले की झाले.

राज्यशास्त्राचे पाहा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने नगरपालिका-महापालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी असे सांगितले. पुस्तकात हे एका वाक्यात संपते. कल्याण-डोंबिवली महापालिकेची निवडणूक २०१५ मध्ये झाली. तिची मुदत २०२० मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक व्हायला २०२६ उजाडले. मधल्या काळात कारभार प्रशासकाच्या हाती होता. ठाण्यातही २०२२ पासून तेच. असे का झाले, न्यायालयात कोणते मुद्दे होते, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा त्यात काय संबंध, हे शोधायला लावले तर मुलाचे अर्धे राज्यशास्त्र तिथेच होईल. मग २७ गावांकडे वळावे. ही गावे १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये परत आली. २०२० मध्ये त्यांतली १८ वगळण्याचा निर्णय झाला आणि तो उच्च न्यायालयात टिकला नाही. गाव म्हणजे काय, शहर म्हणजे काय, कर कोण भरतो आणि पाणी कोणाला मिळते, याचा इतका जिवंत धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

इतिहासासाठी तर दारातून बाहेर पाऊल टाकायचा अवकाश. प्राचीन काळापासून परदेशी व्यापाऱ्यांना माहीत असलेले कल्याण बंदर, १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतलेले कल्याण आणि खाडीकाठचा दुर्गाडी. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला ठाण्याचा किल्ला, जिथे आज कारागृह आहे. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, १०६० चे. आणि या सर्वांपेक्षा अलीकडचे, अजून बोलणारे एक ठिकाण म्हणजे उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी, जिच्यात फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे उतरवली गेली आणि १९४९ मध्ये तिला नगराचे नाव मिळाले. माझ्या परिचयातल्या एका घरी शिकणाऱ्या मुलीला फाळणीवर दहा पाने न अडखळता लिहिता येत होती. उल्हासनगर तिच्या घरापासून चार स्टेशने पुढे. ती तिथे कधी गेली नव्हती आणि तिथे का जायचे हेही तिच्या घरात कुणाच्या मनात आले नव्हते. मुलगी हुशार आहे, पालक कष्ट घेणारे आहेत. दोष असलाच तर समाज हा पुस्तकातला विषय आहे या समजुतीचा.

अर्थशास्त्राला भिवंडी आहे. यंत्रमागाचे हे गाव बघता बघता गोदामांचे गाव कसे झाले, हे विचारीत एक दिवस हिंडले तर बाजारपेठेचे प्रकरण वेगळे वाचावे लागत नाही. डोंबिवलीची औद्योगिक वसाहत आहे. तिथे मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेले स्फोट सर्वांच्या आठवणीत आहेत. कारखाना आधी आला की घरे, रोजगार कोणाचा आणि धोका कोणाचा, हे प्रश्न सार्वजनिक वित्ताइतकेच अर्थशास्त्राचे आहेत. भूगोलाला शहापूर आहे, जिथले भातसा धरण मुंबईला पाणी पुरवते आणि ज्याच्या आसपासच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. आणि रेल्वे तर रोजचीच. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली, याचा अभिमान आपण बाळगतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गच्च भरलेल्या लोकलमधून माणसे पडून मेली, तीही याच रुळांवर. १८५३ पासून २०२५ पर्यंत या रुळांवर काय काय घडत गेले, हा बारावीच्या मुलासाठी वर्षभराचा प्रकल्प होऊ शकतो.

आकड्यांचेही तसेच. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांवर होती. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती २०२७ साठी ठरली. मधल्या काळात या शहरांत किती माणसे वाढली हे मोजणीशिवाय कसे सांगणार? पाण्याची, शाळांची, रुग्णालयांची आखणी कोणत्या आकड्यावर करायची? मुलाला हा प्रश्न पडला तर संख्याशास्त्र त्याला आपोआप हवेसे वाटेल.

भाषा आणि वाचनालय

घरी शिकणारी बहुतेक मुले इंग्रजीतून शिकतात. त्याला हरकत नाही. पण समाज ज्या भाषेत भांडतो, मागतो, तक्रार करतो ती भाषा मुलाला येत नसेल तर सामाजिक शास्त्र त्याच्यासाठी परदेशचा विषय होतो. सातबारा, गावठाण, फेरफार, बिगरशेती, प्रभाग समिती, ठराव, सूचक-अनुमोदक हे शब्द त्याने ऐकलेच नसतील तर २७ गावांचे काय कळणार? म्हणून पेपर कोणत्याही भाषेत लिहा, पण बालभारतीची इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्राची मराठी पुस्तके घरात असू द्यावीत. महापालिकेचा अर्थसंकल्प मराठीतून वाचावा. मुक्त विद्यालयात नोंदणी करताना कोणते माध्यम आणि कोणत्या भाषा उपलब्ध आहेत, ती यादी नीट पाहावी.

आणि वाचनालय. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. इतक्या जुन्या संस्था ज्या शहरांत आहेत तिथे मुलाच्या नावाने वर्गणी भरणे ही घरशिक्षणाची पहिली फी समजावी. तिथे पुस्तके मिळतात हा एक फायदा. पण त्याहून मोठा फायदा असा, की त्या टेबलापाशी वर्तमानपत्र वाचत बसलेला अनोळखी म्हातारा मुलाशी वाद घालतो आणि तो त्याचा बाप नसतो.

प्रश्न आपल्या सर्वांचा

इथवर वाचून शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांना हायसे वाटले असेल, तर थोडे थांबावे. अकरावी-बारावीत आपली मुले खरोखर कुठे जातात? नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, हजेरी कागदावर आणि मूल सकाळपासून रात्रीपर्यंत क्लासमध्ये, हे चित्र ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कोणी नाकारील काय? त्या क्लासमध्ये एकाच परीक्षेची तयारी करणारी, जवळपास सारखी फी भरू शकणारी मुले असतात. दहावीच्या पेपरनंतर इतिहास-नागरिकशास्त्राचे पुस्तक रद्दीत जाते आणि त्यानंतर समाजाविषयी काही शिकण्याची वेळ आयुष्यात परत येत नाही. पुढे हीच मुले इंजिनीअर होतात, डॉक्टर होतात, सोसायटीचे अध्यक्ष होतात आणि भाडेकरू कोणत्या जातीधर्माचा असावा यावर ठराव करतात. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना निदान प्रश्न तरी पडला आहे. विषय कोणता घ्यावा, यासाठी ते चार ठिकाणी विचारत फिरत आहेत. शाळेत मूल घालून आपण तो प्रश्न सुटला असे धरून चाललो.

घरशिक्षण चांगले की वाईट, हा वाद मी इथे घातलेला नाही. शाळेत कोंडमारा होणारी मुले मी पाहिली आहेत आणि घरी फुललेलीही पाहिली आहेत. पण घर कितीही मोठ्या मनाचे असले तरी त्याला चार भिंती असतात. गणित त्यात मावते, संगीत मावते, भाषा मावतात. समाज मावत नाही. त्याला भेटायला जावे लागते आणि भेटीची सुरुवात विषयाच्या निवडीपासून होते. म्हणून अर्जावर विषयांचे रकाने भरण्यापूर्वी आईवडिलांनी आणि मुलाने एकत्र बसून एक यादी करावी. आपल्या शहरातली अशी कोणती दहा ठिकाणे आहेत, जिथे आपण कधी गेलो नाही, आणि कोणती माणसे आहेत, ज्यांच्याशी आपण कधी बोललो नाही? ती यादी पुरी झाली की राज्यशास्त्र घ्यावे की समाजशास्त्र, याचे उत्तर बहुधा मूलच देईल. आणि अर्ज भरायची शेवटची तारीख आहे, ती चुकवू नये.